कोपरे असलेलं पोट

"अहो, ऐकलंत का? यंदा मामंजींचं श्राद्ध सोसलेच्या मठातच करूयात. आचार्यांशी बोलून ठेवलंय मी," न्हाणीघराच्या बंद दाराला तोंड लावून नागरत्नाबाईंनी सांगितलं.

आत संकर्षणराव आरशासमोर उघडे उभे होते आणि स्वतःच्या पोटाकडे बघत होते. पोटाला कोपरे आले होते.

माणसाचं पोट सुटतं, लोंबतं, फार झालं तर पाय दिसेनासे होतात. कोपरे मात्र कुणाच्या पोटाला येत नाहीत. संकर्षणरावांच्या बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली वीतभर लांबीचा एक आडवा उंचवटा उभा राहिला होता. कडा सरळ, चारी कोपरे जरासे गोल. संकर्षणराव नंजनगूडच्या एका साबणाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासत. साच्यातून वाकडी निघालेली वडी बाजूला काढायची, हेच काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. या वडीत मात्र नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती, आणि त्याचंच त्यांना रडू येत होतं.

त्यात मठात श्राद्ध. म्हणजे कमरेला पंचा, उपरणं तेही कमरेलाच बांधलेलं, आणि वरचं सगळं अंग उघडं. आचार्य बघणार, पितरांच्या जागी जेवायला बसणारे ब्राह्मण बघणार, आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई, गोदावरीबाई, समोरच बसून बघणार.

"अहो, आत आहात ना? की घसरलात?"

"आहे गं," संकर्षणराव खोल आवाजात म्हणाले. "अजून आहे."

या 'अजून'मध्येच सगळं दुखणं होतं.

संकर्षणरावांचे वडील तिरुमलराव, घरातले अण्णा, अठ्ठावन्नाव्या वर्षी हार्टने गेले. संकर्षणराव तेव्हा तिकडे गुजरातेत नवीन नोकरीत होते, अन्विता नुकती जन्मली होती. ते गाडीने मैसूरला पोचेपर्यंत काकांनी अग्नी देऊनही टाकला होता. वडिलांचं शेवटचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्यासाठी वडील म्हणजे दिवाणखान्यातला फोटो: जानवं, हसरा चेहरा, आणि फोटोची निम्मी जागा व्यापणारं पोट. पुढे संकर्षणरावांना पोट सुटलं तेव्हा नात्यातला जो तो कौतुकाने म्हणू लागला, "तिरुमलरावांचंच पोट आहे हे, हुबेहूब!" कौतुक करणारे जेवून घरी जात. संकर्षणराव मात्र रात्री छातीवर हात ठेवून झोपत. यंदा त्यांना अठ्ठावन्नावं लागलं होतं. पोट वडिलांचं, तर मरणही वडिलांचंच, असा सरळ हिशेब त्यांनी मनाशी मांडला होता आणि बायकोपासून सगळ्यांपासून तो लपवून ठेवला होता.

म्हणून ते मैसूरच्याच गोकुलम भागात गेले. गोकुलममध्ये परदेशी माणसं योग शिकायला येतात, आणि जिथे ती येतात तिथे शरीराची काळजी घेणारी हरतऱ्हेची दुकानं उघडतात. अशाच एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर 'चाकू नाही, सुई नाही, चरबी गोठवून घालवा' अशी पाटी होती. संकर्षणराव नुसतं विचारायला म्हणून आत शिरले. पण समोर बसलेली गुंजन नावाची मुलगी नागपूरची निघाली, आणि त्यांच्या तोंडून निसटलेलं "अय्यो, देवा" ऐकताच खणखणीत मराठीत म्हणाली, "अरे वा! काका, तुम्ही मराठी?"

इथेच संकर्षणरावांचा घात झाला. चार पिढ्या मैसूरमध्ये काढलेल्या घरातलं मराठी हे आपसांत चालून जातं. त्यात अर्धं कन्नड असतं आणि उरलेलं अर्धं महाराष्ट्रात कुणी आता बोलत नाही. त्यामुळे तिकडचा मराठी माणूस भेटला की संकर्षणरावांना परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. एखादा शब्द अडला तरी ते विचारत नसत. मान डोलवत.

गुंजनने काहीही लपवलं नाही, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. तिने सगळं नीट समजावलं. मेदपेशींना त्वचेपेक्षा थंडी लवकर बाधते. म्हणून पोटाचा भाग यंत्राच्या खोलगट कपात ओढून घेऊन थंड केला, की वरच्या कातडीला इजा होत नाही, पण खालच्या मेदपेशी मरायला लागतात. मग शरीर दोन-तीन महिन्यांत त्यांचा हळूहळू निचरा करतं.

"आणि काका, अगदी विरळा असं होतं की पेशी मरायच्या ऐवजी त्या जागी मेदाची विरोधाभासी वृद्धी होते. हे तुम्हाला आधीच सांगणं माझं कर्तव्य आहे. कळलं ना?"

"हो हो," संकर्षणराव म्हणाले. "ठाऊक आहे की."

'विरोधाभासी' ऐकून त्यांना एवढंच वाटलं, की ही मुलगी चांगल्या घरातली असावी.

ऐन उन्हाळ्यात पंखा लावला तरी कानाला मफलर गुंडाळणारा हा माणूस. त्याचं पोट त्या कपात शिरलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. आधी ओढ लागली, मग टोचलं, मग भाजल्यासारखं झालं, आणि मग पोट आपलं उरलंच नाही. कप काढला तेव्हा तिथे लालसर, कडक, फ्रिजमधून काढलेल्या लोण्यासारखा गोळा होता. गुंजनच्या मदतनीस बाईने तो जोर लावून चोळला. परक्या बाईचा हात पोटावर आणि आपल्याला काहीच कळत नाही, ही अवस्था मेल्यानंतरची असावी असं संकर्षणरावांना वाटून गेलं.

घरी त्यांनी सांगितलं, "गोकुलमला योगाच्या क्लासला जातोय."

या एका वाक्याने पुढचा सगळा घोळ घातला. भीतीपायी संकर्षणरावांनी रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं होतं, त्यात गोठवण्याचाही थोडा गुण आला असेल. महिन्याभरात पोट खरंच उतरलं. नागरत्नाबाईंना नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की त्यांनी ही बातमी भाजीवालीपासून शेजारच्या रणोजीरावांपर्यंत सगळ्यांना दिली. रणोजीराव निवृत्त फौजदार. दुसऱ्याच दिवशी पहाटे ते चटई काखेत मारून दारात हजर झाले.

"राव, आम्हालाही शिकवा की. गोकुलमला फॉरेनचे लोक येतात, तिथलं असल शिक्षण तुमच्याकडं आहे."

संकर्षणरावांना एकच आसन येत होतं. ते म्हणाले, "सुरुवात शवासनापासून करायची असते. पडा."

रणोजीराव पडले. संकर्षणरावही शेजारी पडले. दुसरं आसन येत नसल्यामुळे शिष्याची प्रगती रोखून धरणं भाग होतं, म्हणून रोज शवासनच होई. दोघे छताकडे बघत पडून राहत. रणोजीराव घोरत, आणि संकर्षणराव आपण कधी जाणार याचा विचार करत. विशेष म्हणजे रणोजीरावांचं ब्लडप्रेशर उतरलं आणि ते सगळीकडे गुरूंचा महिमा सांगत सुटले.

घरात एकच व्यक्ती खूश नव्हती. गोदावरीबाईंनी कॉफी सोडली होती. पहाटेची फिल्टर कॉफी हाच ज्यांचा पहिला देव, त्या बाईने एक दिवस पेला बाजूला सारला आणि म्हटलं, "नको मला. उष्ण पडते."

"चौऱ्याऐंशी वर्षं नाही पडली ती?" नागरत्नाबाईंनी विचारलं.

"आता पडते. सुम्ने, गुपचूप दे ना तो पेला संकूला. आणि त्याच्या भातावर तूप वाढ. अजून वाढ."

म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. संकर्षणरावांना मात्र वाटलं, आईही जायची तयारी करतेय.

आणि मग कोपरे आले. आधी जरासा ताठपणा, मग फुगवटा, मग कडा. ज्या जागी कप लावला होता तिथेच, कपाच्याच मापाचं. बाकीचं पोट उतरलेलं असल्यामुळे ते अधिकच उठून दिसे. संकर्षणराव ढगळ शर्ट घालू लागले. नंजनगूडच्या गाडीत शेजारचा माणूस म्हणाला, "सार, डबा बॅगेत ठेवा ना, पोटाशी कशाला धरलाय?" शवासनात रणोजीरावांनी एकदा डोळा किलकिला करून बघितलं आणि आदराने विचारलं, "ते प्राण तिथं येऊन साठतात काय?"

संकर्षणराव म्हणाले, "बोलायचं नसतं. पडा."

पण कारखान्याच्या फाटकावर काही बोलता आलं नाही. साबणाच्या वड्या चोरीला जातात म्हणून तिथे नवीन रखवालदार नेमला होता. तो संध्याकाळी सुटणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरून हात फिरवी. त्याचा हात संकर्षणरावांच्या पोटावर आला आणि थबकला. त्याने चाचपलं. वरची कड, खालची कड, कोपरा.

"सार," तो हळूच म्हणाला, "इदेनु?"

"काही नाही. पोट आहे."

"सार, मी पोटं पुष्कळ बघितलीत."

मागे साठ-सत्तर कामगारांची रांग होती. त्यात संकर्षणरावांनीच ज्यांच्या वड्या आजवर बाजूला काढल्या ते साच्यावरचे लोकही होते. गुणवत्तेचा साहेबच वडी घेऊन चाललाय, ही कुजबूज रांगेच्या शेवटापर्यंत पोचली तेव्हा संकर्षणरावांनी शर्ट वर केला. रखवालदाराने एका बोटाने कोपरा दाबून बघितला, खात्री करून घेतली आणि बोट काढून घेतलं.

"पाप!" तो बिचारा या अर्थाने म्हणाला, आणि त्याने सलाम ठोकला. चोर ठरलो असतो तरी बरं होतं, असं त्या दयेने संकर्षणरावांना झालं.

त्या रात्री त्यांनी नागरत्नाबाईंना सगळं सांगितलं. गोकुलम, कप, गुंजन, न समजलेला शब्द आणि अठ्ठावन्नावं वर्ष. नागरत्नाबाई आधी हसल्या.

"थंडी लावून घ्यायला गोकुलमपर्यंत गेलात? फ्रिजमधलं दूध काढायला सांगितलं तर मफलर शोधता!" मग त्यांचं हसू थांबलं. "इतकी भीती वाटत होती तर मला सांगायचं नाही? शेजारी झोपते ना मी?"

संकर्षणरावांना फार एकटं वाटत आलं होतं, आणि ते एकटेपण आपणच करून ठेवलं होतं हे त्यांना आत्ता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघे डॉ. शरत यांच्याकडे गेले. डॉक्टरांनी उंचवटा सगळीकडून बघितला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुस्तकातली गोष्ट प्रत्यक्षात दिसल्याचा आनंद काही केल्या लपेना.

"हे फार क्वचित होतं, सर. थंडीने पेशी मरायच्या, त्या वाढल्यात. घट्ट झालंय, पण चरबीच आहे. धोका काही नाही."

"मग उतरेल?"

"आपोआप नाही उतरत. काही महिने थांबून, पूर्ण मऊ पडलं की ऑपरेशन करून काढता येईल."

"आणि हार्ट?"

"हार्टचा काय संबंध?" डॉक्टर म्हणाले. "गोठवतात ती कातडीखालची चरबी, जी चिमटीत येते. हार्टला त्रास देणारी चरबी खोल आत असते, आतड्यांच्या भोवती. तिथपर्यंत ही थंडी पोचतच नाही."

म्हणजे जी बिचारी निरुपद्रवी होती तिला डिवचून दुप्पट केलं, आणि जी घातक होती ती आत आरामात बसून होती. तिथूनच नागरत्नाबाईंनी संकर्षणरावांना हृदयाच्या डॉक्टरकडेही नेलं. तिथे सगळं ठीक निघालं. त्यानेही त्यांचं समाधान झालं नाही. अण्णांचंही आदल्या दिवसापर्यंत ठीकच असणार, असं ते म्हणाले.

श्राद्धाच्या दिवशी सोसलेच्या मठात पहाटेच स्नान झालं. आडोशाला जाऊन संकर्षणरावांनी गोपीचंदनाच्या मुद्रा काढल्या. अंगावर शंख-चक्राचे ठसे उमटवणं रोजचंच. पोटावर दोन-चार पुरतात. संकर्षणरावांनी उंचवट्याच्या वर, खाली, कडेला, कोपऱ्याकोपऱ्यावर ठसे मारले. इतके मारले की पोट कुठे संपतं आणि भक्ती कुठे सुरू होते ते कळेना.

आचार्य बघतच राहिले. "संकर्षणराव, आजकाल इतकी निष्ठा कुठे दिसते? अन्विता, तुझे अप्पा बघ."

बंगळुराहून सुट्टी काढून आलेली अन्विता अप्पांकडे बघत होती. तिला आईने फोनवर सगळं सांगितलं होतं. तिने ओठ घट्ट मिटून मान खाली घातली, आणि आचार्यांना ती भारावली असं वाटलं.

पण चूल जवळच होती, वड्यांचा घाणा चालू होता, आणि संकर्षणराव घाबरलेले होते. पिंड ठेवायला ते वाकले तोवर घामाने शंख-चक्रं विरघळून पंच्यात उतरली होती. उरलं ते पोट, आपल्या चारी कोपऱ्यांसह. मंत्र म्हणता म्हणता आचार्यांची नजर तिथे गेली, आणि तीच ओळ त्यांनी दुसऱ्यांदा म्हटली. मग तिसऱ्यांदा म्हटली. पितरांच्या जागी बसलेल्या ब्राह्मणांपैकी एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. संकर्षणरावांनी तिरुमलरावांच्या पिंडाकडे बघत मनात म्हटलं, अण्णा, आता बोलवायचंच असेल तर आत्ता बोलवा.

तिरुमलरावांनी बोलावलं नाही. ब्राह्मण जेवून उठले, दक्षिणा झाली, आणि कोपऱ्यातून गोदावरीबाईंनी हाक मारली.

"संकू, इकडे ये की."

ते जाऊन समोर बसले. म्हाताऱ्या डोळ्यांना सगळं धूसर दिसत होतं; त्यांनी हात पुढे केला आणि पोटावर ठेवला. हात सावकाश फिरला.

"दुखतं?"

"नाही, आई."

"काय आहे ते? खरं सांग."

"चरबी आहे. डॉक्टरांनी नीट बघितलंय. नुसती चरबी."

"शपथ?"

"तुझी शपथ."

गोदावरीबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि संकर्षणराव घाबरले. पण त्या हसत होत्या.

"आलं रे परत," त्या म्हणाल्या. "रायांनी ऐकलं माझं. तुझं पोट उतरायला लागलं ना, तेव्हा माझा जीव घाबरला. नंजनगूडच्या मठातल्या रायांना, आपल्या गुरूंना, नवस बोलले मी. याचं पोट परत येईतो कॉफी घेणार नाही म्हणून."

"कॉफी त्याच्यासाठी सोडली होतीस? पोट उतरलं तर चांगलंच असतं, आई. अण्णा पोटामुळेच तर गेले. हार्टने."

"कुणी सांगितलं तुला?"

"तूच. फोनवर."

गोदावरीबाईंनी पदराने डोळे पुसले. मग त्यांनी कितीतरी वर्षं तोंडात धरलेली गोष्ट सांगितली. "फुफ्फुसाचा रोग होता त्यांना. सहा महिने अंथरुणात होते. तू तिकडे नवीन नोकरीत, ही नुकती जन्मलेली. तुला कळवू नको म्हणून शपथ घातली मला. शेवटी हार्ट थांबलं, ते सगळ्यांचंच थांबतं. तेवढंच सांगितलं तुला." त्यांचा हात पोटावरून निघाला नव्हता. "ते पोट होतं ना फोटोतलं? त्यातलं काही राहिलं नव्हतं रे. आधी त्यांचं पोट गेलं. मग ते गेले."

अठ्ठावन्नाव्या वर्षातला तो माणूस आईसमोर उघड्या अंगाने रडला. वडील सहा महिने झिजत होते आणि आपण तिकडे मुलीचे फोटो पाठवत होतो, हे दुःख आजवर त्यांच्या वाट्याला आलंच नव्हतं. ते सगळं एकदम आलं.

गोदावरीबाईंचं बोट एका कोपऱ्यावर येऊन अडलं. त्यांनी तो पुन्हा चाचपला.

"चौकोनी आहे की रे हे."

नागरत्नाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"असू दे," गोदावरीबाई म्हणाल्या. "रायांचं काम आहे. नीटनेटकंच असणार."

संध्याकाळी सगळे घरी परतले. नागरत्नाबाईंनी नवीन पूड घालून कडक कॉफी केली. गोदावरीबाई खिडकीपाशी बसून ती एकेक घोट घेत होत्या आणि दर घोटाला डोळे मिटत होत्या. अन्विता स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "अप्पा, डॉक्टर शरत यांच्याशी मी बोलले. ते म्हणाले, दिवाळीनंतर ऑपरेशन करता येईल. डेट फिक्स करू का?"

"ते काढलं की आज्जीचा नवस मोडला," नागरत्नाबाई म्हणाल्या. "पुन्हा कॉफी बंद."

तिघेही खिडकीकडे बघत राहिले. गोदावरीबाईंनी पेला संपवला, तळाशी राहिलेला फेस बोटाने पुसून घेतला आणि पेला पुढे केला. "नागरत्ना, अजून थोडी आहे?"

संकर्षणरावांनी शर्टावरून पोटावर हात ठेवला. कोपरे जागेवर होते.

"इरली," ते म्हणाले. "राहू दे. आई आहे तोवर राहू दे."

नागरत्नाबाई कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, "सांगून ठेवते हं. परवाच तपासलंय सासूबाईंना. बीपी नाही, साखर नाही, काही म्हणजे काही नाही."